शुक्रवार ते सोमवार, आफ्रिका

खरं वाटणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको. आमच्या गावात ही गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली, त्यानं हातातला चहा संपवला आणि उठून गेला. पण माझी बायको विजयमाला, दोन्ही किडन्या बसलेल्या, सुजलेले पाय चपलेत न मावणारे, अशी ती बाई आफ्रिकेच्या जंगलात जाऊन हत्ती पाणी पिताना बघून आली. आणि मी, गुंडा ड्रायव्हर, फौजेतून रिटायर, तिच्या शेजारी बसलो होतो.

परवाच्या बुधवारी हे मी जयराजला सांगायला घेतलं. इस्लामपूरला ज्या दवाखान्यात आम्ही जातो तिथं माडीवर डायलिसिसची खोली आहे. चार खाटा, चार मशिनी. जयराज तीन नंबरच्या खाटेवर नवा आलेला. वय पस्तिशीचं, एके काळी तालमीत घुमलेला गडी. पण आपलंच रगत नळीतून मशिनीत जातंय आणि फिरून परत येतंय, हे बघून त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. अशा माणसाला चार तास काढायला गोष्ट लागते. साडेतीन वर्षं झाली, सोमवार, बुधवार, शुक्रवार मी त्या खोलीत स्टुलावर बसतो. अजून बसतो.

"तात्या, तुमचं पेशंट कुठाय?" जयराजनं विचारलं.

"आधी ऐक तर," मी म्हणालो. "तू पडलायस ना, ती तिचीच खाट."

एक नंबरला गंगाधर सर होते. सांगलीच्या शाळेत भूगोल शिकवला, आता लेकीकडं राहायला आहेत. दोन नंबरला मंगल, शिवणकाम करणारी बाई. मी गोष्ट सुरू केली की मंगल तोंड भिंतीकडं करते. परवाही केलं. चार नंबरला एक आजोबा असतात, ते आल्यापासून जाईपर्यंत घोरतात.

तर आफ्रिका सुरू झाली ती तीन नंबरच्या खाटेवरच. तिथून समोरच्या भिंतीवरचा टीव्ही नीट दिसतो. एका सोमवारी कुणीतरी जनावरांचं चॅनेल लावलेलं राहिलं होतं. हत्ती सोंडेत पाणी ओढायचा, तोंडात सोडायचा. परत ओढायचा, परत सोडायचा. विजयमाला ताडकन उठून बसली. हात हलला तशी मशीन बोंब मारायला लागली आणि सिस्टर पळत आली.

"आवं, किती पितोय बघा," ही म्हणाली. "आन् कुणी मोजत न्हाई त्याला."

जयराज, तुला अजून कळायचंय ते. किडनी गेली की आत गेलेलं पाणी आतच राहतं. म्हणून डॉक्टर मोजून देतात. हिला दिवसाला पाऊण लिटर. त्यातच चहा, त्यातच आमटीचं पाणी, त्यातच गोळ्या गिळायचा घोट. एका प्लास्टिकच्या बाटलीला हिनं काळा दोरा बांधला होता. पाणी प्यालं की दोरा खाली सरकवायचा. दुपारी चारलाच तो दोरा बुडाला टेकायचा.

आमचं घर नदीच्या काठाला. दाराम्होरं मांडीएवढ्या जाड पाइपातून उसाला दिवसभर पाणी पडतंय, धो धो. ही ओट्यावर बसून ते बघायची. घरी आल्यागेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या, मग बोलणं, ही आमच्याकडची रीत. आजारी पडल्यावर बघायला येणारे वाढले. त्या प्रत्येकाला तांब्या हीच द्यायची. सुनांना देऊ द्यायची नाही. आणि मग तो माणूस पीत असताना त्याच्या गळ्याकडं बघत बसायची. घुटक, घुटक. पाहुणे बिचारे अर्ध्यातच तांब्या खाली ठेवायचे.

बरं, ते येताना काय आणायचे? शहाळी! आजारी माणसाला आणखी काय न्यायचं? किडनीच्या माणसाला शहाळं म्हणजे विषच, पण लोकांना कोण सांगणार. खाटेखाली शहाळ्यांचा ढीग. मी म्हटलं, "विजे, आपून आता शहाळ्याची गाडीच लावू चौकात." ती म्हणाली, "लावा. आन् मला गिऱ्हाइकाम्होरं बसवा, बघायला."

तर त्या सोमवारी टीव्हीकडं बघत ही म्हणाली, "मला एकदा हत्ती पाणी पिताना बघायचाय. टीव्हीत न्हाई. समोर."

लग्न झाल्यापासून तिनं माझ्याकडं दोनच गोष्टी मागितल्या होत्या. एक पितळी हंडा. तो दिला. दुसरं, थापा कमी मारा. ते काही जमलं नाही. ही तिसरी.

"हत्ती काय, सांगलीलाबी असतोय एखादा," मंगल तेव्हा म्हणाली होती.

"साखळीतला नगं. आपल्या मनानं येणारा पायजे."

आपल्या मनानं पाण्यावर येणारा हत्ती म्हणजे आफ्रिका, असं गंगाधर सरांनी ठरवलं. पुढच्या बुधवारी ते पिशवीत नकाशांचं पुस्तक घेऊन आले. उजवा हात मशिनीला, डाव्या हातानं पानं उलटायची. चार तासांत अख्खं केनिया आमच्या तोंडपाठ.

मी सांगलीला जाऊन आलो. तिथं अपूर्वा नावाची मुलगी सहलींचं ऑफिस चालवते. तिला मी फोनवरून विजयमालेशी बोलायला लावलं.

"आजी, ऑगस्टमध्ये जायचं," अपूर्वा म्हणाली. "तेव्हा तिकडं कोरडा काळ असतो. जंगलातलं पाणी आटत जातं आणि एखाददुसराच पाणवठा उरतो. मग सगळी जनावरं तिथंच येतात. हत्ती, झेब्रे, सिंहसुद्धा. तहान लागल्यावर जाणार कुठं?"

"म्हंजी आमच्या खोलीवाणीच की गं," ही म्हणाली.

अपूर्वा हसली. मग खोली कसली, ते मी तिला सांगितलं. मग नाही हसली. पण पोरगी धडाची. तिनं चौकशी केली. नैरोबीत डायलिसिस होतं. जंगल तिथून सहा तासांवर. गंगाधर सरांनी पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मांडून दाखवलं. शुक्रवारी नैरोबीत मशीन. शनिवारी निघायचं. रविवारी पाणवठा. सोमवारी परत मशिनीवर.

"डायलिसिसच्या माणसाला सलग मोकळे दिवस मिळतात ते एवढेच," सर म्हणाले. "शनिवार आणि रविवार."

"आन् लय माणसं जात्यात ती बी त्याच सुट्टीत," मंगल म्हणाली. तिला तसं म्हणायचं नव्हतं. सुटलं तोंडातून.

खोटं नाही ते, जयराज. कारखान्यावर उसाच्या गाडीचं वजन करतात तसं इथं माणसाचं करतात. येताना भरलेलं, जाताना रिकामं. मधला फरक म्हणजे पाणी. शुक्रवारनंतर सोमवारी काटा सगळ्यात जास्त. सोमवारचं तोंड आणि शुक्रवारचं तोंड, दोन वेगळी माणसं वाटतात.

आणि पासपोर्टच्या फोटोची तारीख आली ती नेमकी सोमवारची, तीही साताऱ्याला. सांगलीची तारीख फार पुढची मिळत होती, म्हणून मी साताऱ्याची घेतली. पहाटे गाडी केली. मशीन दुपारच्या पाळीला सरकवून घेतली. हापिसातल्या मुलीनं फोटो काढला. पासपोर्ट पोस्टानं घरी आला तेव्हा हिनं तो उघडला आणि म्हणाली, "ही कोन भवानी?"

डोळे सुजून बारीक, गाल असे फुगलेले, हनुवटी गळ्यात बुडालेली.

मंगलनं तो हातात घेऊन निरखला. "काकी, तुमी शुक्रवारी उतरला तर आत घ्यायचे न्हाईत. सोमवारीच उतरा."

त्या दिवशी एवढ्या हसल्या दोघी की सिस्टर रागावली.

पोलीसही आला घरी, चौकशीला. हिनं तांब्या दिला, तो प्यायला लागला, ही बघत बसली. "आजी, कशाला जाताय एवढ्या लांब?" त्यानं विचारलं. "पानी बघाय," ही म्हणाली. तो बिचारा नदीकडं बघायला लागला.

मंगलनं माझा जुना खाकी शर्ट मागून घेतला आणि हिच्यासाठी टोपी शिवली. रुंद काठाची, हनुवटीखाली बांधायला नाडी. वाऱ्यानं उडू नये म्हणून. ही खाटेवर पडून ती टोपी घालायची. सिस्टर रक्तदाब बघायला आली की विचारायची, "काय मॅडम, जंगलात काय काय दिसलं?" ही म्हणायची, "एक सुई घिऊन फिरनारी मादी."

राहिला डॉक्टरचा दाखला. अनीश डॉक्टरनं मला व्हरांड्यात बोलावलं. चांगला माणूस. बोलताना जमिनीकडं बघत होता.

"तात्या, काकींचं हृदय पंचवीस टक्क्यांच्या खाली आलंय. आफ्रिका राहू द्या, कराडला न्यायचं झालं तरी मला विचारून न्या. तिकडं जायला लस लागते, तीही त्यांना चालणार नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"पाणी कडक पाळलं तर दिवाळी बघतील. बघतील असं मी म्हणतोय, लिहून देत नाही."

मी आत आलो. खोलीतली सगळी माझ्याकडं बघत होती. चार नंबरचे आजोबासुद्धा जागे.

"डॉक्टर म्हनलं, खुशाल जावा," मी सांगितलं. "त्यांचं त्रेचाळीस पेशंट आफ्रिकेला जाऊन आलं म्हनं."

"त्रेचाळीस?" विजयमालेनं विचारलं.

"त्रेचाळीस."

ती हसली. "आवं, पन्नास वर्सं ऐकतीया तुमचं. खरं बोलताना तुमी म्हंता, असंल काय तरी. आकडा नेमका आला की समजायचं, थाप हाय."

टीव्ही बंद होता, तरी ती टीव्हीकडंच बघत होती. मग म्हणाली, "तारीख कुठली धरलीया?"

"ऑगस्टातला दुसरा शुक्रवार."

"धरा," ती म्हणाली. "सर, त्या सहा तासाच्या रस्त्यात गावं कुठली कुठली लागत्यात, ते परत एकदा सांगा बघू."

सरांनी सांगितली. पुस्तकावर बोट ठेवून, एकेक गाव. त्यानंतर दर पाळीला आम्ही तो रस्ता जायचो. कुठं चहाला थांबायचं, कुठं हिनं गाडीत जरा आडवं व्हायचं, सगळं. जायचं नाही हे पक्कं झाल्यावर बेत जेवढा बारीक होतो, तेवढा जायचं असताना होत नाही.

"मग गेला कसं?" जयराजनं विचारलं. त्याच्या तोंडावर आता थोडा रंग आला होता. मानेखाली घेऊन त्यानं उशी सारखी केली.

गेलो कसं? ऐक. डॉक्टर दाखला देईना, नैरोबीचा दवाखाना दाखल्याशिवाय घेईना. मी म्हटलं, गुंड्या, तू फौजेत लडाखच्या थंडीत बंद पडलेला ट्रक बायकोच्या पत्राच्या कागदानं चालू केलेला माणूस. मशीनच घेऊन चल. सत्त्याऐंशी किलोची मशीन मी दोन लोखंडी ट्रंकांत भरली. वर पापड पसरले. कस्टमवाल्यानं विचारलं, हे काय? म्हटलं, बायकोचं सामान. त्याची बी बायको असणार, सोडलं त्यानं.

"विमानात ट्रंका चढवल्या?" गंगाधर सर म्हणाले.

"सर, एकशे एकोणचाळीस प्रवाशांनी हात लावला."

तिथं जीप घेतली. मशीन मागं बसवली, इंजिनाला पट्टा लावला. जीप पळंल तशी मशीन पळणार. जोरात पळवली की रगत लवकर साफ! जिराफ म्हणजे शेवग्याच्या झाडाला पाय फुटल्यावाणी. ते वाकून हिच्या टोपीचा वास घ्यायचे. झेब्रे तर असे पळत होते जसे कारखान्याचा भोंगा झाल्यावर कामगार. आणि सिंह किती? सतरा. जीपभोवती असे बसले, ग्रामसभेला बसतात तसे, म्हातारे पुढं, तरणे मागं कडेला. मशीन बोंबलली की सगळी सभा पाच पावलं मागं.

"गेल्या वेळी वाघ होते," सर म्हणाले. "आफ्रिकेत वाघ नसतो म्हणून मी सांगितलं, तेव्हापासून सिंह झाले."

"सर, धूळ लय हुती. पट्टं दिसलं न्हाईत."

जयराज हसला. पोट हलवून हसला, तशी त्याचीही मशीन ओरडली. सिस्टरनं बटण दाबलं आणि माझ्याकडं डोळे वटारले. मंगल भिंतीकडंच तोंड करून होती.

मग रविवार आला. दुपारचं ऊन. हिच्या डोक्यावर टोपी, नाडी बांधलेली. पाय सुजून असे झालेले की उचलून ठेवावे लागत होते. मी तिला धरून पाण्याजवळ नेलं, बसवलं. वारा नव्हता. कुठनं तरी पाणी पडत असल्याचा आवाज येत होता, सारखा.

आणि तो आला. एकटाच. आपल्या मनानं, सावकाश, मान खालीवर करत. कुणी हाकललं नाही, कुणी ओढलं नाही. पाण्याशी येऊन थांबला. आमच्याकडं बघितलं. मग नाकापर्यंत तोंड पाण्यात बुडवलं, डोळे मिटले आणि प्यायला लागला.

"तात्या," सर म्हणाले, "हत्ती तोंड बुडवून..." आणि थांबले. मंगलनं मान वळवली होती. तिच्याकडं बघून थांबले की काय, कोण जाणे.

किती वेळ पीत होता तो. गळ्याला घोट वर जाताना दिसत होता. ही बघत होती. हात मांडीवर, तोंड जरा उघडं. जसा घोट गिळला जाईल तसा हिचाही गळा हलायचा, कोरडाच.

"किती प्याला असंल?" हिनं विचारलं.

"असंल काय तरी," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मलाबी द्या."

बाटलीचा दोरा सकाळीच बुडाला टेकला होता. ते तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. मी तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांना दिला होता, तसाच. वरून धार धरायची तिची सवय, पण त्या दिवशी तोंड लावून प्याली. कुठं थांबली नाही. रिकामा तांब्या पुढं केला. मी परत भरला. किती दिले, मोजलं नाही मी.



मग काय, मी जयराजला म्हणालो, तिला काही झालं नाही. धाप नाही, सूज नाही. तिकडचं पाणीच तसलं, अंगात राहत नाही. सोमवारी काट्यावर उभी राहिली, वजन एकोणपन्नास किलो दोनशे ग्रॅम. सिस्टर दोनदा काटा झटकून बघत होती.

जयराज खाटेवर कोपरावर उठला होता. जिभेनं ओठ ओले करायला गेला, जीभही कोरडीच.

"तांबे भरून प्याल्या? आन् काय झालं न्हाई?"

"काय न्हाई."

"मग तात्या, माझ्या अंगात तर अजून जोर हाय," तो म्हणाला. "म्हंजी मी एखाद्या रविवारी, जास्त न्हाई, एकच तांब्या..."

"जयराज, पडून ऱ्हा," मंगल म्हणाली. तिनं पूर्ण कूस बदलली होती. नळीचा हात जपत, दुसऱ्या हातानं डोळे पुसत. "आन् ऐकू नगंस त्यांचं. खोटं हाय ते. तात्या, तो हत्ती न्हवता, तुमच्या दावणीची म्हैस हुती. काकींनी मला फोन केलता त्या रविवारी. म्हनल्या, मंगल, तू शिवलेली टोपी घालून हौदापाशी बसलीया. म्हशीनं पानी पिलं, तिच्या जोडीनं मीबी पोटभर पिले, ह्यांनी दिलं. लय गार हुतं, म्हनल्या. आन् सोमवारी ह्या खाटेवर कुणीच आलं न्हाई, तात्या."